चारच्या भुकेला काय द्यायचं?

नमस्कार श्रोतेहो.

दुपारचं जेवण जिरलेलं असतं, रात्रीच्या स्वयंपाकाला अजून अवकाश असतो, आणि चारच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायला लागतात. खुरपायला गेलेल्या बाया बांधावर टेकतात. लेकरं शाळेतून येऊन दप्तर फेकतात आणि "माय, खायला दे" म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरतात. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले हमाल चहाच्या गाड्याकडे वळतात. आज मला तुमच्याशी या चारच्या भुकेबद्दल बोलायचंय.

मी परभणीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. दिवसभरात काय काय खाल्लं, हे माणसांना विचारणं हेच माझं रोजचं काम. जेवणाचं सगळे नीट सांगतात. किती भाकरी, कोणती भाजी, वरण होतं का, सगळं आठवतं. मधल्या खाण्याचं मात्र कुणी धरतच नाही. आणि गडबड नेमकी तिथंच असते.

एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले होते. शुगर वाढलेली, चेहरा ओढलेला. म्हणाले, "मॅडम, मी तर गोड खातच नाही बघा. मग शुगर कामून वाढायली?" मी म्हटलं, काका, सकाळी उठल्यापासून सांगा. उठल्यावर चहा, त्याच्यासोबत चार बिस्किटं. दहाला कुणी आलं की चहा, चार बिस्किटं. चारला पुन्हा तेच, सात वाजता पुन्हा तेच. चहात साखर दोन चमचे. आम्ही दोघांनी मिळून कागदावर हिशोब मांडला. चार चहांची साखर साधारण 40 ग्रॅम. सोळा बिस्किटांतून मैदा आणि साखर मिळून 60 ग्रॅमच्या वर कर्बोदकं, म्हणजे पोटात गेल्यावर ज्याची साखरच होते तो भाग. म्हणजे जेवण सोडून, नुसत्या मधल्या खाण्यात 100 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली. आणि त्या सोळा बिस्किटांतून मिळालेली प्रथिनं जेमतेम पाच-सहा ग्रॅम. गुरुजी कागदाकडे बघत राहिले. आयुष्यभर लेकरांना गणित शिकवलेला माणूस, पण हे गणित त्यांना कुणी घातलंच नव्हतं.

कर्बोदकं वाईट नाहीत, हे आधी सांगते. आपल्या ज्वारीच्या भाकरीवर पिढ्या कष्ट करत आल्या आहेत. अडचण अशी की आपल्या दोन्ही जेवणांत कर्बोदकं भरपूर असतातच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत दिसलं की आपल्याला मिळणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के एकट्या कर्बोदकांतून येतात, आणि प्रथिनांचा वाटा 12 टक्क्यांच्या आसपासच राहतो. त्याच पाहणीतून 2023 मध्ये पुढे आलं की देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. शरीर कष्टाचं असेल तर भाकरी जिरते. पण आता ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, बसून करायची कामं वाढली. अशा वेळी भाकरीला हात न लावता सुधारणा करायची तर सोपी जागा एकच, ती म्हणजे मधलं खाणं. दोन जेवणांच्या मध्ये प्रथिनं जास्त आणि कर्बोदकं कमी असा घास पोटात गेला, तर शुगर एकदम उसळत नाही आणि भूकही तासाभरात परत येत नाही.

प्रथिनं किती लागतात? मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम. म्हणजे 60 किलो वजनाला साधारण 50 ग्रॅम. आपलं वाटीभर पातळ वरण डोळ्यासमोर आणा. त्यात डाळ किती असते आणि पाणी किती असतं, हे वरण करणाऱ्या बाईला बरोबर माहीत असतं. चार-पाच ग्रॅमच्या वर प्रथिनं त्यातून मिळत नाहीत.

आणि हे सगळं कुठं चाललंय, तर मराठवाड्यात. तूर आपल्याकडे पिकते, हरभरा आपल्याकडे पिकतो, सोयाबीनचे ढीग लातूरच्या बाजारात लागतात. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालंय. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं काढलेली तुरीची वाणं किती शिवारांत उभी आहेत. प्रथिनांचं कोठार आपल्या दारात आहे. पण आपण पोतं मोंढ्यात घालतो, आणि येताना त्याच पिशवीत बिस्किटाचे पुडे आणि पाकिटातल्या कुरकुरीत नळ्या घेऊन येतो. मला हे बघून फार वाईट वाटतं. सोयाबीनचं तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, कारण प्रथिनं मिळाली नाहीत तर कोंबडी वाढत नाही. लेकराचंही तसंच आहे हो.

आता एकेक बघू. आधी फुटाणे.

बाजाराच्या दिवशी फुटाण्याच्या भट्टीजवळ जरा उभं राहून बघा. हरभरा आधी मीठ-हळदीच्या पाण्यात ओला करून ठेवलेला असतो. कढईतली वाळू इतकी तापलेली असते की वरची हवा हलताना दिसते. त्या वाळूत हरभरा पडला की आतल्या ओलीची वाफ होते, तड् तड् आवाज येतो आणि साल उकलते. लगेच चाळणी, वाळू खाली, फुटाणे वर. तेलाचा एक थेंब नाही. गरम फुटाण्यांचा तो वास आला की रस्त्यानं जाणारा माणूस थबकतोच. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम फुटाण्यांत सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात. आता खरं सांगायचं तर फुटाण्यात कर्बोदकंही आहेत, त्याच मुठीत 17 ग्रॅमच्या आसपास. कुणी फुटाणे म्हणजे शून्य कर्बोदकं असं सांगत असेल तर ते बरोबर नाही. पण ही कर्बोदकं सावकाश पचतात, आणि सालीसकट खाल्ले तर चोथाही पोटात जातो. म्हणून फुटाणे साल काढून फुंकू नका. शुगरवाल्यांनी तर मुळीच नाही. फक्त मूठ आपलीच धरा, आणि ती एकच.

कर्बोदकं खरंच कमी करायची असतील तर शेंगदाणे. 30 ग्रॅम भाजक्या शेंगदाण्यांत साडेसात ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं पाच ग्रॅमच्या आसपास. पण तेल त्यात जवळजवळ निम्मं असतं, तेव्हा गप्पा मारत मारत पाव किलोची पुडी संपवली तर वजन वाढणार. काळे पडलेले, बुरशीचा वास येणारे, कडवट लागणारे दाणे मात्र सरळ फेकून द्या. त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजूनही पुरतं जात नाही. भिजलेल्या शेंगा घाईत पोत्यात भरल्या की ही बुरशी धरते, म्हणून वाळवण्यात कसर करू नका.

सोयाबीनबद्दल आपल्या मनात अढी आहे. वास येतो म्हणतात, पोट दुखतं म्हणतात. तक्रार खोटी नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या रसाला अडवणारा एक घटक असतो. तो उष्णतेनं निकामी होतो. म्हणून स्वच्छ निवडलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात टाकून 20 ते 25 मिनिटं चांगलं उकळू द्या. पाणी ओतून द्या, दाणे कापडावर पसरून कडक वाळवा आणि मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा. घाई केली तर बाहेरून करपतात आणि आतून चिवट राहतात. दाणा दातांखाली खुटकन फुटला की झालं. वरून मीठ, तिखट, जिऱ्याची पूड. या भाजक्या सोयाबीनच्या मुठीत दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं मिळतात, दोन अंड्यांच्या जवळपास. एका बचत गटातल्या बायांना मी हे करून दाखवलं, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बाई, हे तर आम्ही नुसतं विकायलो इतकी वर्षं!"

हंगामाचंही भान ठेवा. मार्गशीर्ष-पौषात तुरीच्या हिरव्या शेंगा येतात. मीठ घालून उकडलेल्या शेंगांची टोपली मध्ये ठेवून अख्खं घर सोलत बसतं, तो आपला जुना खाऊच आहे. हरभऱ्याचा हिरवा डहाळा येतो. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात जी भज्जी होते, तिच्यात तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि बेसन असतं. ओल्या दाण्यांत पाणी जास्त, म्हणून वजनाच्या मानानं प्रथिनं वाळलेल्या डाळीपेक्षा कमी असतात. पण लेकराच्या हातात पाकिटाऐवजी शेंग आली, हे मला मोलाचं वाटतं. मोड आलेल्या मटकी-मुगाचंही तसंच. मोड आल्यानं प्रथिनं दुप्पट होतात असं ऐकू येतं, ते खरं नाही. मोडानं धान्य पचायला हलकं होतं आणि क जीवनसत्त्व वाढतं, हा त्याचा फायदा. वाटीभर मोडावर कांदा, लिंबू आणि चमचाभर शेंगदाण्याचं कूट टाका.

अंडी खात असाल तर प्रश्नच मिटला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, कर्बोदकं नावाला. उकडून ठेवलं की झालं. न खाणाऱ्यांना पनीर आहे, 50 ग्रॅममध्ये नऊ ग्रॅमच्या आसपास. घरच्या दह्याचं पाणी फडक्यात निथळून घट्ट चक्का करा, त्यात साखर न घालता काकडी आणि जवसाची चटणी घाला. ताक हवं तितकं प्या, पण ताकातून फार प्रथिनं मिळतील अशी आशा धरू नका.

आपल्या सुशीलाचं काय, असं कुणीतरी मनात म्हणत असेल. सुशीला मलाही आवडतो. पण मुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ. करायचाच असेल तर मुरमुरे निम्मे करा आणि फुटाण्याची डाळ, शेंगदाणे भरपूर टाका. पोह्यांनाही हेच लागू. उपवासाच्या साबुदाण्यात मात्र प्रथिनं जवळजवळ नसतातच, तो कंदाचा नुसता पिठूळ भाग आहे. खिचडीतला खरा पौष्टिक भाग म्हणजे तिच्यातलं दाण्याचं कूट. शुगर असलेल्या माणसानं एकादशीला शेंगदाणे, दही, पनीर असं खाल्लेलं बरं.

आता दुकानांत प्रथिनांची पाकिटं आली आहेत. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते वाचू नका, पाकीट उलटं करा. घटकांची यादी असते, त्यात जे सगळ्यात जास्त वजनाचं ते सगळ्यात आधी लिहिलेलं असतं. पहिलाच शब्द मैदा किंवा साखर असेल तर पाकीट परत ठेवा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकराकडून वाचून घ्या, त्यांना हे काम फार आवडतं.

थोडी काळजीही घ्यायची आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्यात एकदम मोठी काटछाट करू नका, शुगर खाली उतरून चक्कर येते. आणि पाच वर्षांच्या आतल्या लेकराला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कुटून द्या.

ते गुरुजी तीन महिन्यांनी परत आले. शुगर उतरली होती. ती एकट्या फुटाण्यांनी उतरली असं मी म्हणणार नाही, गोळ्या वेळेवर होत्या आणि ते रोज स्टेडियमला चार फेऱ्या मारत होते. पण बिस्किटं बंद झाली होती, चहात साखर अर्धा चमचा राहिली होती. सोबत काकू होत्या. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. फुटाणे, भाजके सोयाबीन, शेंगदाणे, थोडे भोपळ्याचे बी, वरून लसणाचं तिखट. म्हणाल्या, "मॅडम, डबा यांच्यासाठी भरते, पण नातूच आधी संपवतो. आता दोन डबे भरावे लागायलेत."

मी एक मूठ घेतली. सोयाबीन अगदी खुटखुटीत भाजलेलं होतं.

नमस्कार.