पडदा, पाणी आणि सोबतीला आई

(दृश्य: ग्रामीण रुग्णालयातली लेबर रूम. तीन टेबलं शेजारी शेजारी.)

बाळंतपणात बाईला काय हवं असतं? भारतात 2016 साली ‘हमारा स्वास्थ्य, हमारी आवाज’ या मोहिमेत जवळपास दीड लाख बायकांना हे विचारलं गेलं. पुढे बाळंतिणींच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या व्हाइट रिबन अलायन्स या संस्थेने तोच प्रश्न जगभर नेला. 114 देशांतून सुमारे 12 लाख उत्तरं आली. सगळ्यात वरची मागणी होती, आम्हाला मानाने वागवा. त्याखालोखाल पाणी, संडास आणि स्वच्छता.

लेबर रूममध्ये या मागण्या अडतात त्या फार साध्या गोष्टींवर. पहिली गोष्ट, पडदा.

एका टेबलावर कळा चालू असतात, दुसऱ्यावर टाके घातले जात असतात. मध्ये आडोसा नसेल, तर सिस्टर कुणाच्याच नातेवाइकाला आत घेत नाही, आणि तिचं चुकतही नाही. शेजारची बाई उघडी पडलेली असते. म्हणजे पडदा नाही, म्हणून बाळंतिणीची आई बाहेर व्हरांड्यात. केंद्र सरकारच्या 2016 च्या सूचनांप्रमाणे सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी सोबतीण ठेवता येते. ती शक्यतो बाई असावी (आडोसा पाळला जात असेल तिथे नवराही चालतो), स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, आणि तिने शेवटपर्यंत थांबावं. उपचारात ढवळाढवळ मात्र करू नये. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, तेव्हा अशी बाई शोधावी लागत नाही. ती दारात उभीच असते.

(दृश्य: छताच्या पट्टीवरून सरकणारा पडदा टेबलाभोवती ओढला जातो.)

आत आल्यावर ती काय करते? कळ आली की कंबर चोळते, घोटभर पाणी पाजते, हाताला धरून चालवते. 15 हजारांहून जास्त बायकांवरच्या अभ्यासांतून दिसलंय, की अशी सतत सोबत असली तर कळांचा काळ कमी होतो आणि सिझेरियनही कमी होतात. नुसतं उभं राहिल्याने, चालल्याने पहिला टप्पा, म्हणजे गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा, सरासरी तासाभराहून जास्त लवकर आटपतो. तरीही बाईला आल्या आल्या टेबलावर आडवं केलं जातं आणि उपाशी ठेवलं जातं. धोका नसलेल्या बाळंतपणात त्याची गरज नाही. पेज, चहा, लिंबूसरबत चालतं. तेवढीच अंगात ताकद राहते.

पण पाणी प्यायचं तर लघवीला जावं लागणार. संडास आवाराच्या टोकाला असेल, कडी तुटलेली असेल, नळ कोरडा असेल, तर बाई पाणी पिणंच सोडते. मग ती थकते. लघवी तुंबून राहिली, की लघवीची भरलेली पिशवी बाळाच्या डोक्याच्या वाटेत येते. बाळंतपणानंतरही ती भरलेली राहिली, तर गर्भाशय नीट आकसत नाही आणि रक्तस्राव वाढतो. लेबर रूमला लागून संडास हवा तो यासाठी.

(दृश्य: सिस्टर हात धुते, हातमोजे चढवते.)

आता आतली तपासणी. कळांनी जोर धरला, म्हणजे गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलं, की दर चार तासांनी एकदा तपासणं पुरेसं असतं. बिघडतं ते असं: ड्युटी बदलली, पुन्हा तपासणी. डॉक्टर आले, पुन्हा. विद्यार्थी आले, पुन्हा. पाणमोट फुटल्यावर अशा प्रत्येक तपासणीबरोबर जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो. खरं तर कळ ओसरेपर्यंत थांबायचं, आणि हात लावण्याआधी बोलायचं: “ताई, आतून तपासते. तोंड किती उघडलंय ते बघायचंय. दुखलं तर सांगा, मी थांबते.” तपासून झाल्यावर आकडा तिलाच सांगायचा. एवढं बोलायला अर्धं मिनिट लागत नाही. बाळंतिणी आयुष्यभर लक्षात ठेवतात ते हेच बोलणं, नाहीतर त्याच्या जागी ऐकलेली शिवी.

बाळ बाहेर येताना वरून पोट दाबू नये. त्याने गर्भपिशवीला इजा होऊ शकते. बाळाची वाट मोठी करायला योनीचं तोंड सरसकट कापूही नये. टाके घालावे लागलेच तर बधिर करण्याचं इंजेक्शन द्यावं, आणि ते लागू व्हायला दोन-तीन मिनिटं थांबावं. घाईत हेच थांबणं राहून जातं, आणि बाई टाक्यांच्या वेदना कळांपेक्षा वाईट म्हणून सांगते.

बाळ रडलं की पुसून आईच्या छातीवर, उघड्या अंगाला अंग लावून. नाळ निदान एक मिनिट कापायची नाही. त्या वेळात वारेतलं रक्त बाळाला मिळतं, आणि पुढे अंगात लोह कमी पडण्याची शक्यता घटते. तासाभरात बाळ छातीला लागावं.

पैशांचंही बोलायला हवं. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण फुकट आहे. औषधं, तपासण्या, रक्त, घरी सोडणारी गाडीही. जेवण साध्या बाळंतपणात तीन दिवसांपर्यंत, सिझेरियनला सात दिवसांपर्यंत. ‘पेढ्याचे पैसे’ या नावाखाली मागितली जाणारी रक्कम कुठल्याच नियमात बसत नाही. मुलगा झाला म्हणून ती वाढते, हे तर त्याहून वाईट.

(दृश्य: आशाताई घराच्या पायऱ्या चढते.)

साध्या बाळंतपणानंतर दवाखान्यात 48 तास ठेवून घेतात. नंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बाळाचं वजन करते, ताप बघते. याच भेटीत बाळंतिणीलाही विचारायला हवं: टाके कसे आहेत, रक्त किती जातंय, डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, झोप लागते का, रडू येतं का.