शिखंडीच्या आधीची अंबा

मराठीत 'शिखंडी' हे नाव आदराने क्वचितच घेतले जाते. कोणाला तरी पुढे करून त्याच्या आडून वार केला, असे सुनावायचे असले की ते तोंडी येते. त्या नावामागे काशिराजाची अंबा नावाची मुलगी उभी आहे, हे मात्र त्या क्षणी कोणाच्या मनात नसते.

जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या राउंडहाऊसमध्ये प्रथम सादर झालेली ब्रिटिश नर्तक-नृत्यरचनाकार अक्रम खान यांची 'अन्टिल द लायन्स' ही नृत्यरचना या अंबेपासून सुरू होते. तिचा आधार आहे महाभारतातील दुर्लक्षित व्यक्तींना बोलते करणारा कार्तिका नायर यांचा काव्यग्रंथ. सिंहांना स्वतःचे इतिहासकार मिळत नाहीत तोवर शिकारीच्या कथा शिकाऱ्याचेच गोडवे गात राहतील, अशा अर्थाच्या एका आफ्रिकी म्हणीवरून हे शीर्षक घेतलेले आहे.

राउंडहाऊस ही १८४७ साली रेल्वे इंजिनांसाठी बांधलेली वर्तुळाकार इमारत. तिच्या मध्यभागी नेपथ्यकार टिम यिप यांनी प्रचंड वृक्षाच्या बुंध्याचा आडवा छेद मांडला. त्यावर वयाची वलये आहेत, तडेही आहेत, आणि भोवती बसलेल्या प्रेक्षकांपुढे सारी कथा त्या वलयांवरच घडते. सूड घेण्यासाठी जिला एक जन्म पुरला नाही, तिच्या कथेला याहून समर्पक भूमी सुचणे कठीण आहे.

कथा आपल्या परिचयाची आहे. भीष्म विचित्रवीर्यासाठी अंबेला स्वयंवरातून पळवून आणतात; तिने मनाने वरलेला शाल्व तिला परत स्वीकारत नाही आणि भीष्मांना त्यांची प्रतिज्ञा आड येते. परशुरामही भीष्मांना नमवू शकत नाहीत, तेव्हा ती स्वतः तप करते, शिवाकडून वर मिळवते, अग्निप्रवेश करते आणि द्रुपदाच्या घरी पुन्हा जन्म घेते.

एवढा विस्तार येथे केवळ तीन नर्तकांच्या देहांवर सोपवलेला आहे. खान लहानपणापासून प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकले आणि किशोरवयात दिग्दर्शक पीटर ब्रूक यांच्या 'महाभारत' नाटकात होते. त्यांच्या भीष्मात कथकाची ताठ मान, वेगवान गिरक्या आणि पायांचा ठाम आघात दिसतो. चिंग-यिंग चिएन यांची अंबा मात्र त्या शिस्तीत मावत नाही: ती कोसळते, वाकते, पुन्हा उठते, आणि दर वेळी तिच्या हालचालीतील विनवणी कमी होऊन धार वाढत जाते. क्रिस्टीन जॉय रिटर यांचा शिखंडी जमिनीलगत, श्वापदासारखा सरपटतो. अजून पुरता माणूस न झालेला तो संतापच वाटतो. व्हिन्सेन्झो लमान्या यांच्या संगीतातील गायक आणि वादक त्या बुंध्याच्या कडेलाच असल्याने युद्धाचा नाद नर्तकांना अक्षरशः वेढून टाकतो.

व्यासांच्या कथेत शिखंडी समोर येताच भीष्म शस्त्र उचलत नाहीत, कारण ही पूर्वी स्त्री होती, हे ते जाणतात. येथे त्याच क्षणी अंबेच्या हाती वेळूचा भाला असतो, आणि पायाखालच्या तड्यांतून धूर वर येऊ लागतो.