पात्यावर शेवटचा हात

मघाशी एकाने विचारलं, चाकूचं पातं आरशासारखं चमकायला कुठली पॉलिशची वडी चांगली? सांगतो, पण आधी हे पातं बघा. माझंच आहे, जुनं. समोरून लखलखीत दिसतं. आता दिव्याखाली जरा तिरकं धरतो. पाठीजवळ उभे चरे दिसले? ते ग्राइंडरवरच्या १२० ग्रिटच्या घासपट्ट्याचे आहेत. ग्रिट म्हणजे कणाच्या जाडीचा आकडा, आकडा वाढला की कण बारीक. पुढे २२० झालं, ४०० झालं, पण घाईघाईत. मग हिरव्या वडीने तासभर घासत बसलो. १२० ग्रिटचा कण साधारण १२५ मायक्रॉनचा, हिरव्या वडीतल्या क्रोमियम ऑक्साइडचा बहुधा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. त्याने खोल चरा कसा निघणार? चऱ्याच्या कडा तेवढ्या गुळगुळीत झाल्या आणि तो आणखी उठून दिसायला लागला.

म्हणून प्रत्येक ग्रिटला पात्याचा कोन बदला. आधीच्या रेघा आडव्या असतील तर नव्या तिरक्या पडू द्या. जुनी एकही रेघ उरली नाही की मगच पुढचा पट्टा चढवा. ४०० पर्यंत असं झालं की कॉर्कचा पट्टा.

कॉर्क म्हणजे ओकच्या एका जातीच्या झाडाची साल. रॉबर्ट हूकने तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात बारीक कप्पे दिसले आणि त्यांना त्याने 'सेल' म्हटलं, ही १६६५ सालची गोष्ट. तो काप घ्यायला चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावली होती, असंही त्याने लिहून ठेवलंय. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं! तर त्या कप्प्यांत हवा असते. दाबलं की कॉर्क दबतो, सोडलं की वर येतो, आणि दबताना बाजूला फारसा फुगत नाही. त्यामुळे पट्ट्यातला कण पोलादात रुतत नाही, वरून सरकतो. बऱ्याच पट्ट्यांत कॉर्कच्या भुग्यात सिलिकॉन कार्बाइडसारखं घासद्रव्य आधीच मिसळलेलं असतं.

नवा पट्टा मात्र खडबडीत असतो. पातं लावलं की थडथडतं. आधी लोखंडाचा एखादा भंगार तुकडा हलक्या हाताने धरून ठेवा. उंचवटे झिजले की आवाज बदलतो, थडथड जाऊन नुसती सरसर उरते. मग ग्राइंडरचा वेग कमी करून वडी दोन-तीन सेकंद टेकवा, बस. घर्षणाने वडीतलं मेण वितळतं आणि कॉर्कमध्ये मुरतं. जास्त लावलं तर पात्यावर काळा चिकट थर येतो, पट्टा नुसता घसरतो, घासत काहीच नाही आणि पातं तापत राहतं. एका पट्ट्याला एकच वडी. पांढरी लावलेल्या पट्ट्यावर पुन्हा हिरवी लावू नका, जाडा कण मागे राहतोच.

तापण्याचं जरा नीट ऐका. कॉर्क हाताला मऊ लागतो, म्हणून माणूस नकळत दाबतो. टोक सगळ्यात पातळ, ते आधी तापतं. पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर, साधारण २०० अंशांवर पुन्हा तापवून टेम्पर केलेलं पातं त्याच्या बरंच वर गेलं की नरम पडतं. निळा रंग दिसला म्हणजे ३०० च्या आसपास पोचलात, तिथलं पाणी उतरलं. वरचा निळा रंग घासून जाईल, नरमपणा जाणार नाही. म्हणून हातमोजे नकोत. ते पट्ट्यात ओढलेही जातात आणि उघड्या बोटांना जो चटका आधी कळतो, तोही कळत नाही. बोटांना सोसेना की बादलीत बुडवा.

आणि धार नेहमी पट्टा जातो त्या दिशेला. पट्टा खाली जात असेल तर धार खाली. उलटं धरलंत तर धार कॉर्कमध्ये घुसते, पट्टा फाटतो आणि पातं कुठे उडेल सांगता येत नाही. पट्ट्यामागे आधार नसलेल्या ढिल्या भागावर काम करत असाल तर कंगोऱ्यांपासून जरा लांब राहा, ते गोल होतात.

आता वडीचं. रोज कामाला लागणाऱ्या चाकूवर मी हल्ली वडी लावतच नाही. घासद्रव्यवाल्या कॉर्कची करडी झाक आली की थांबतो. आरशावर पहिल्याच दिवशी ओरखडा दिसतो, या झाकेत तो लपून जातो. शोभेचं पातं असेल तर आधी पांढरी, मग वेगळ्या पट्ट्यावर हिरवी, आणि शेवटी मेण काढायला कोमट पाणी आणि भांड्याचा साबण.

हे पातं तुमच्यात फिरवतो. पुढच्याला देताना मूठ त्याच्याकडे करा, चरे असले तरी धार चांगली आहे.