फ्रीझ दाबायच्या आधी

नमस्कार. मला विषय दिलाय तो म्हणजे हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी टेक्नॉलॉजिस्टचं काम. समोर काहीजण याच कोर्सला नुकतेच लागलेत, काहीजण नुसते ऐकायला आलेत. दोघांनाही चालेल म्हणून मी एका स्कॅनपासूनच सुरू करते, कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्या एका स्कॅनमध्ये आहे.

मला कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एक बाई आल्या, उजव्या बरगडीखाली दुखतंय, जेवल्यावर जास्त दुखतं, कळ पाठीत जाते. फॉर्मवर लिहिलेलं, पित्ताशयात खडे आहेत का बघा. उपाशीपोटी आलेल्या, 8 तास झालेले. म्हणजे पित्ताशय छान भरलेलं, कारण काही खाल्लं की ते पित्त सोडून आकसतं आणि मग आतलं नीट दिसत नाही, म्हणून आम्ही उपाशी यायला सांगतो. उताणं झोपवलं, जेल लावलं, प्रोब, म्हणजे मशीनचं अंगावर फिरवायचं हातातलं टोक, ठेवला, पित्ताशय एकदम स्वच्छ, काळंभोर, भिंत पातळ. उभे फोटो, आडवे फोटो, माप घेतलं, झालं. बाहेर 6 पेशंट ताटकळत होते. रेडिओलॉजिस्ट सरांनी फोटो बघून नॉर्मल रिपोर्ट दिला, आणि माझ्या फोटोंवरून दुसरं कुणी काही लिहूच शकलं नसतं.

3 दिवसांनी त्या परत आल्या, ताप घेऊन. या वेळी आमच्या सीनियर मॅडमनी प्रोब हातात घेतला. त्यांनीही आधी उताणंच बघितलं, मग म्हणाल्या, ताई, जरा डाव्या कुशीवर वळा, आता मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा. आणि पित्ताशयाच्या अगदी मानेत, जिथे ते निमुळतं होऊन वळतं, तिथे एक पांढरी ठळक कड आणि तिच्यामागे सरळ खाली गेलेली काळी सावली. खडा. तिथेच अडकलेला. त्यांनी प्रोब तिथेच जरासा दाबला तर बाई कळवळल्या, बाजूला दाबलं तर तितकं नाही. भिंत सुजलेली. त्याच दिवशी त्या अ‍ॅडमिट झाल्या.

माझे आधीचे फोटो मी नंतर कितीतरी वेळा उघडून बघितले. फोटो चांगले होते हो, डेप्थ (खोली) बरोबर, गेन (उजळपणा) बरोबर, फोकस बरोबर. त्यात फक्त खडा नव्हता. कारण मी त्यांना कुशीवर वळवलंच नव्हतं.

तर हे काम म्हणजे हे आहे. एक्सरेत सगळं एकदम फिल्मवर येतं, सीटीत तर अख्खं पोटच साठवलं जातं, नंतर कुणीही बसून पानं उलटल्यासारखं बघू शकतं. सोनोग्राफीत तसं नाही. प्रोबखाली काही मिलिमीटर जाडीचा एक काप दिसतो, तो सेकंदाला 20-30 वेळा बदलत असतो आणि त्यातला कुठला थांबवायचा, कुठला साठवायचा हे माझा हात ठरवतो. मी ज्यावर फ्रीझ, म्हणजे चित्र थांबवायचं बटण, दाबलं नाही ते रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांसाठी अस्तित्वातच नसतं. लोक म्हणतात टेक्नॉलॉजिस्ट फोटो काढतो, डॉक्टर निदान करतो. रिपोर्टवर सही डॉक्टरांची, हे खरंच आहे आणि तसंच असावं. पण काय शोधायचं, कुठून शोधायचं आणि कधी थांबायचं हे निर्णय त्याच्याही आधी झालेले असतात, आणि ते आपण घेतलेले असतात.

आता मशीनबद्दल थोडं, कारण मशीन समजलं नाही तर हात कितीही चांगला असून उपयोग नाही. प्रोबच्या आत क्रिस्टल असतात, त्यांना वीज दिली की ते थरथरतात आणि उलट त्यांच्यावर कंप आदळला की वीज तयार होते. दाब दिला की काही स्फटिकांत वीज तयार होते हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं होतं, आपण आजही त्याच तत्त्वावर काम करतो. माणसाला 20,000 हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, आपण वापरतो ते साधारण 2 ते 15 मेगाहर्ट्झ, म्हणजे 20 लाख ते दीड कोटी हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी जास्त तर चित्र बारीक पण खोल जात नाही, कमी तर खोल जातं पण चित्र भरड. म्हणून थायरॉइडला एक प्रोब आणि पोटाला दुसरा.

प्रोब एक आवाज सोडतो आणि ऐकत बसतो. प्रतिध्वनी जितका उशिरा आला तितकी ती गोष्ट खोल. 1 सेंटीमीटर खोल जाऊन परत यायला 13 मायक्रोसेकंद लागतात. पण हा हिशोब करताना मशीनने काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, आणि मी नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात हेच सांगते की बटणं नंतर शिका, आधी मशीन काय गृहीत धरतंय ते शिका. मशीनला वाटतं आवाज सगळीकडे सेकंदाला 1540 मीटरनेच जातो. चरबीत तो 1450 च्या आसपास असतो, हाडात कितीतरी जास्त. मशीनला वाटतं आवाज सरळ जातो आणि सरळच परत येतो. प्रत्यक्षात तो फुप्फुसाखालच्या पडद्यावर आपटून वळतो, लिव्हरमध्ये जातो, त्याच वाटेने परत येतो, आणि मशीन बिचारं त्याला सरळ रेषेत मांडतं. मग पडद्याच्या वर, जिथे फुप्फुस असायला पाहिजे तिथे, लिव्हरचं प्रतिबिंब दिसतं. तिथे लिव्हर नाहीये. हे माहीत नसेल तर माणूस घाबरेल.

पण याच चुका आपल्याला कामालाही येतात. खड्यामागची सावली म्हणजे आवाज पुढे गेलाच नाही. पाण्याच्या गाठीमागचा भाग उजळ दिसतो, कारण पाण्यात आवाज फारसा विरत नाही आणि मशीन मात्र विरला असेल म्हणून भरपाई करत बसतं. किडनीतला एखादा खडा साध्या चित्रात ओळखू येत नाही, पण कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय, लावला की त्याच्यामागे रंग चमचमायला लागतात, रक्त वाहत नसताना. म्हणजे मशीन जे दाखवतं ते जसंच्या तसं बघायचं नसतं, ते असं का दाखवतंय हे वाचायचं असतं.

हे वाचणं किती मोठी गोष्ट आहे त्याचं एक उदाहरण द्यायलाच पाहिजे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड, 1955 साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. तिथे धातूतली भेग शोधायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र होतं. त्यांना बघायचं होतं की मांसाची भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात का. आले. मग टॉम ब्राउन नावाच्या तरुण इंजिनिअरने त्यांच्याबरोबर यंत्र बनवलं आणि जॉन मॅकव्हिकर यांच्यासह तिघांचा पेपर 1958 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या सुमाराला एक बाई होती, पोट फुगलेलं, पोटाचा कॅन्सर आहे आणि ऑपरेशनच्या पलीकडे गेलाय असं ठरलेलं. डोनाल्ड यांनी यंत्र लावलं तर ते पाण्याच्या मोठ्या गाठीसारखं दिसलं. ऑपरेशन झालं, अंडाशयाची गाठ निघाली, बाई बरी झाली. तेव्हा मशीनच्या पडद्यावर आजच्यासारखं चित्र नव्हतं, रेघा नि ठिपके होते. मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, तर निदान ठरलेलं असताना त्या माणसाने पुन्हा एकदा बघितलं.

हवा हा आपला कायमचा शत्रू. त्वचा आणि प्रोबमध्ये हवेचा थर राहिला तर जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो, जेल लावतो ते त्यासाठी, पेशंट विचारतात हे गार गार काय आहे. आतड्यातल्या गॅसचं काय करायचं हा मात्र रोजचा झगडा, स्वादुपिंड तर नेहमी त्याच्यामागे दडलेलं. हळूहळू दाब वाढवत न्यायचा, गॅस सरकतो. उठवून बसवायचं. कधी पाणी प्यायला देऊन पोटाचीच खिडकी करायची, पाण्यातून मागचं दिसतं. आणि एवढं करूनही दिसलं नाही तर तसं स्पष्ट लिहायचं, की दिसलं नाही. नॉर्मल आहे असं लिहायचं नाही. या दोन वाक्यांत माणसाचा जीव असतो.

पायाच्या शिरांचं स्कॅन मला वेगळं सांगायचंय. पाय सुजलाय, पोटरी दुखतेय, गुठळी आहे का बघा. जांघेपासून सुरुवात करायची, आडवा प्रोब. शेजारीशेजारी दोन काळी वर्तुळं दिसतात, धमनी आणि शीर. प्रोब दाबायचा. शीर ओठ मिटावेत तशी मिटते, धमनी गोल राहते, धडधडत. सोडायचं, 1-2 सेंटीमीटर खाली, पुन्हा दाबायचं. असं गुडघ्याच्या मागेपर्यंत आणि खाली पोटरीत. दाब, सोड, दाब, सोड. आणि एका ठिकाणी शीर मिटत नाही. दोन्ही वर्तुळं दिसत राहतात. हाताला ते डोळ्यांच्या आधी कळतं, खरंच सांगते. तिथे मग क्लिप साठवायची आणि त्या जागी उगाच पुन्हा पुन्हा दाबत बसायचं नाही, गुठळी सुटून फुप्फुसात जायची भीती असते. पेशंटला टेबलावरून उतरून चालत घरी जाऊ द्यायचं नाही. फोन उचलायचा, डॉक्टरांना सांगायचं, किती वाजता कुणाला सांगितलं ते लिहायचं. रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघायची नाही.

डॉपलरचं एकच सांगते. आवाजाची रेघ आणि रक्ताचा प्रवाह यातला कोन 60 अंशांच्या आत ठेवा. मशीन रक्ताचा वेग या कोनाच्या कोसाइनवरून काढतं आणि 90 अंशांवर कोसाइन शून्य होतो, म्हणजे खळाळून वाहणारी धमनीसुद्धा बंद असल्यासारखी दिसू शकते. ऑपरेशनचा निर्णय त्या वेगाच्या आकड्यावर होतो.

आता जे पुस्तकात कमी असतं ते. टेबलावर झोपलेला प्रत्येक माणूस तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो, पडद्याकडे नाही. आणि विचारतो, सगळं ठीक आहे ना? आपल्याला सांगायचा अधिकार नसतो, रिपोर्ट डॉक्टर देतात. पण आपण गप्प झालो, एकाच जागी जास्त वेळ थांबलो, की त्यांना कळतं. सगळ्यात अवघड म्हणजे सुरुवातीच्या दिवसांतलं गर्भाचं स्कॅन. गर्भाची लांबी 7 मिलिमीटर किंवा जास्त आणि ठोका नाही, तर काय ते आपल्याला माहीत असतं. ती आई माझा श्वास मोजत असते. अशा वेळी घाई करायची नाही, पूर्ण बघायचं, दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलावून त्यालाही बघायला लावायचं, कारण यात चूक व्हायला नको म्हणजे नको.

सुरुवातीची काही वर्षं मी हे फार वाईट करायचे, नजर चोरायचे. मग मी एक सवय लावून घेतली. प्रत्येक पेशंटला, कुठलंही स्कॅन असो, प्रोब ठेवायच्या आधीच सांगते, मी मधे बराच वेळ बोलणार नाही, सगळ्यांचंच बघताना मी गप्प असते, काळजी करू नका, शेवटी पुढे काय होणार ते सांगेन. त्यामुळे माझ्या गप्प होण्याचा अर्थ लावत बसायला लागत नाही. आणि वाईट असेल तेव्हा खोटं हसू नाही आणि सगळं छान आहे असंही नाही. "मला डॉक्टरांना हे आत्ताच दाखवायचंय, तुमच्याबरोबर कोणी आलंय का, त्यांना आत बोलावू का?" एवढंच. एकीने माझं बोट धरून ठेवलं होतं, जेल लागलेलं, डॉक्टर येईपर्यंत सोडलं नाही. मी पण सोडवून घेतलं नाही, पुढचा पेशंट थांबला.

पुढचा पेशंट थांबतो याची शिक्षा मात्र आपल्याला होते. मी एका ठिकाणी होते तिथे 15 मिनिटांचा स्लॉट, मग पेशंट व्हीलचेअरवर असो की बेडवरून हलू न शकणारा असो. असं रोज चाललं की खांदा जातो. निरनिराळ्या सर्व्हेंमध्ये 80 टक्क्यांहून जास्त सोनोग्राफर दुखणं घेऊन काम करताना आढळलेत, मी त्यातलीच, उजवा खांदा, 2 वर्षं रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही. तेव्हा लाजू नका, पेशंटला टेबलाच्या कडेला आपल्याजवळ सरकायला सांगा, खुर्ची वर घ्या, दंड शरीरापासून 30 अंशांपेक्षा जास्त उचलू नका, प्रोब मुठीत आवळू नका, वायर मानेवर टाकायची सवय असेल तर आजच सोडा. आयसीयूत पोर्टेबल मशीन घेऊन रात्री 3 वाजता जाल तेव्हा यातलं काही जमणार नाही, म्हणून दिवसा तरी करा. आणि स्लॉट वाढवून मागा, सगळ्यांनी मिळून मागा, दमलेला हात पेशंटला कुशीवर वळवायचा कंटाळा करतो आणि खडा राहून जातो.

बरं, बोलणं पुरे. मागे मशीन लावलंय. कोणीतरी एकजण या जो मनापासून तयार आहे, कुणाच्या आग्रहाने नाही. आणि आधीच सांगते, काही वेगळं दिसलंच तर ते इथे सगळ्यांसमोर बोलणार नाही, बाजूला घेऊन बोलू. आपण लिव्हर बघू, त्याच्यावरचा पडदा बघू आणि पडद्यापलीकडचं ते नसलेलं लिव्हर. या, चप्पल काढा, उताणे झोपा. जरा गार लागेल.