फियॉर्डमधली त्सुनामी: नजर कड्यावर हवी

[दृश्य: उभ्या कड्यांमधला अरुंद फियॉर्ड, वरून]

१६ सप्टेंबर २०२३. जगभरच्या भूकंपमापकांवर एक एकसुरी हेलकावा उमटू लागला, दर ९२ सेकंदांनी एक. तो नऊ दिवस चालला.

उगम पूर्व ग्रीनलंडच्या डिक्सन फियॉर्डमध्ये निघाला. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, समुद्राचं पाणी शिरलेली अरुंद दरी. पायथ्याची हिमनदी पातळ होत गेली, डोंगराचा टेकू गेला आणि अडीच कोटी घनमीटर खडक नि बर्फ खाली आला. पाणी सुमारे २०० मीटर उसळलं. बाहेर पडायला नीट वाट नव्हती, म्हणून ते या काठावरून त्या काठावर डचमळत राहिलं.

[आकृती: हिमनदी आणि कड्याचा छेद]

हिमनदी दरी कोरते आणि तिच्या भिंतींना आधारही देते. बर्फ मागे हटला की भिंत उघडी पडते. भेगांत पाणी साचून दाब वाढतो, उंचावर खडक सांधून धरणारा बर्फ वितळतो. पुढे पाऊस किंवा भूकंप निमित्तमात्र.

१९५८ मध्ये अलास्कातल्या लिटुया खाडीत भूकंपाने सुमारे तीन कोटी घनमीटर दरड सुटली. ‘५२४ मीटरची लाट’ म्हणतात ती हीच. खरं तर पाणी समोरच्या उतारावर तेवढं चढलं. खाडीतून पुढे गेलेली लाट बरीच लहान होती.

[दृश्य: कड्यावरची उपकरणं]

महासागरी त्सुनामीचा इशारा भूकंपाच्या नोंदींवर चालतो. इथे दरड पडल्याचं कळेपर्यंत लाट दारात असते. म्हणून नॉर्वेत ओक्नेसच्या कड्यावर ताणमापक, जीपीएस, रडार आणि विंधनछिद्रांतले दाबमापक बसवले आहेत. कडा वर्षाला काही सेंटीमीटर सरकतो. बर्फ वितळताना वेग थोडा वाढणं नेहमीचंच. तो चढतच राहिला तर गावं आधी रिकामी करायची. कडा सुटल्यावर त्याच फियॉर्डच्या काठावरच्या गेरांगर गावाला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. भूकंपाने अचानक सुटलेल्या दरडीपुढे मात्र ही पद्धत लंगडी पडते.

अंतराचाही भरवसा नको. १७ जून २०१७ ला ग्रीनलंडच्या कारात फियॉर्डमध्ये दरड कोसळली. सुमारे तीस किलोमीटरवरच्या नुगात्सियाक गावात चार जणांचा जीव गेला.

काठावर असताना डोंगरातून गडगडाट ऐकू आला किंवा पाणी एकाएकी ओसरलं, तर भोंग्याची वाट पाहू नका, चढाकडे निघा. पहिली लाट गेली म्हणून खाली उतरू नका. अशा कोंडलेल्या पाण्यात लाटा तासन्‌तास परतत राहतात आणि नंतरची एखादी पहिलीपेक्षा मोठीही असू शकते.