विटांच्या आडचं घर

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टन शहराजवळ मोझली ओल्ड हॉल नावाचं एक जुनं शेतघर आहे. लांबून पाहाल तर लाल विटांचं घर. आत गेलात की ओकचे खांब नि तुळया दिसू लागतात. १६०० च्या सुमारास ते बांधलं तेव्हा सगळा सांगाडा लाकडाचाच होता. विटांची होती ती धुरांडी. आगीशी लाकडाची गाठ कोण घालून देणार? भिंतींना विटा चढल्या त्या थेट १८७० च्या आसपास.

१६५१ च्या सप्टेंबरात पार्लमेंटच्या फौजेशी वूस्टरची लढाई हरलेला राजा दुसरा चार्ल्स रात्रीचा इथे लपायला आला. ही लाल भिंत त्याने पाहिलीच नाही! पार्लमेंटचे शिपाई दाराशी आले तेव्हा तो जमिनीच्या फळ्यांखालच्या चोरजागेत उतरला. कॅथलिक पाद्र्यांना लपवण्यासाठी ती केलेली होती.

मला म्हणूनच विटांची भिंत वाचायला आवडते. विटेची लांब बाजू दिसते तो स्ट्रेचर, आखूड दिसते तो हेडर. विटा रचायच्या पद्धतीला बाँड म्हणतात. एक थर स्ट्रेचरचा, त्यावर एक हेडरचा, हा इंग्लिश बाँड. एकाच थरात आळीपाळीने दोन्ही असले तर फ्लेमिश. आपल्याकडे गवंडीकाम शिकणारी मुलंही हीच नावं पाठ करतात. कितीतरी इंग्रजी शेतघरांत दर्शनी भिंत देखण्या फ्लेमिशची आणि मागची अगदी साधी. शेतकऱ्याने पैसा कुठे घातला, ते तिथेच कळतं. आणि नुसते स्ट्रेचरच दिसले, तर ती बहुधा अर्ध्या विटेच्या जाडीची, वरून चढवलेली साल असते. आत काहीतरी वेगळं आहे असं समजावं.

विटेच्या मापातही इतिहास आहे. अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भरून काढायला १७८४ मध्ये ब्रिटनमध्ये विटांवर कर बसला, तोही नगावर. मग भट्टीवाल्यांनी वीटच मोठी केली. हा कर उठला १८५० मध्ये.

पण माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो चुन्यावर. जुन्या भिंतीच्या दरजा चुन्याच्या, विटेपेक्षा मऊ. भिंतीत मुरलेली ओल त्या दरजांतून बाहेर पडते, वीट शाबूत राहते. त्याच दरजा कुणी सिमेंटने भरल्या की ओल कोंडते, विटेतूनच वाट काढते. थंडीत गोठते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून येतो. आत लाकूड असेल तर तेही कुजतं. आपल्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढतो तेव्हा ओल अशीच कोंडते. पाहताना फार वाईट वाटतं.

तुमच्या गावात असा वाडा असेल आणि दुरुस्ती निघाली असेल, तर गवंड्याला आधी दरज दाखवा. चावीच्या टोकाने हलकेच खरवडा. पांढरी भुकटी बोटावर आली, तर तो चुना आहे. पुन्हा भरायचाही चुनाच.

नमस्कार.