ऐकू येतं, पण कळत नाही

तपासणीच्या खोलीत एक वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. खुर्चीत बसलेले आजोबा म्हणतात, ‘डॉक्टर, ऐकू येतं हो मला, पण समोरचा काय बोलतोय ते कळत नाही.’ बरोबर आलेली मुलगी लगेच म्हणते, ‘बाबांना हवं तेवढंच ऐकू येतं. साधं बोललो तर काय काय करतात, आणि जरा आवाज चढवला की म्हणतात, ओरडतेस कशाला!’ दोघंही खरं सांगत असतात. दोघांचं म्हणणं एकाच वेळी खरं कसं, हे कळायला कानात शिरावं लागेल.

बाहेर दिसतो तो कान, मग साधारण अडीच सेंटिमीटरची नळी, आणि तिच्या टोकाला पडदा. इथवर सगळं सोपं आहे. अडचण पुढे आहे. ऐकण्याचं खरं काम आतल्या कानातल्या द्रवात चालतं आणि आवाज येतो हवेतून. हवेतला आवाज थेट पाण्यावर आदळला तर त्यातल्या ऊर्जेचे हजारातले नऊशे नव्व्याण्णव भाग परत फिरतात. नदीत बुडी मारल्यावर काठावरच्या हाका ऐकू येत नाहीत त्या यामुळेच. ही अडचण सोडवायला मधल्या कानात तीन हाडं आहेत, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. पडद्याचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे १७ पट. मोठ्या पडद्यावरचा जोर एवढ्याशा तळव्यावर एकवटतो, त्यात हाडांच्या तरफेची थोडी भर पडते, आणि दाब वीस-बावीस पट होतो. हवेत हरवलं असतं ते असं द्रवापर्यंत पोचतं.

या वाटेत कुठे अडथळा आला तर त्याला आम्ही वहनदोष म्हणतो. नळीत मळ साचला, पडद्याला भोक पडलं, सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठलं, रिकीब जागच्या जागी घट्ट बसली. अशा माणसाशी मोठ्याने बोललात तर त्याला स्वच्छ कळतं, कारण आवाज फक्त दबलेला असतो, बिघडलेला नसतो. यातलं बरंचसं औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतं. मळाबद्दल एवढंच सांगतो की नळीची कातडी आतून बाहेर सरकत असते आणि मळ आपोआप बाहेर आणते. काडी, पीन किंवा कापसाचा बोळा घालून कान कोरणारा तो मळ पडद्याकडे ढकलत असतो.

आजोबांचा बिघाड मात्र आणखी आत आहे.

आतला कान शंखासारखा, अडीच-पावणेतीन वेढ्यांचा. उलगडून सरळ केला तर सुमारे ३५ मिलिमीटर. त्याच्या आत एक लांब पट्टी आहे. दाराजवळ, म्हणजे रिकीब टेकते तिथे, ती अरुंद आणि ताठ, शेवटाकडे रुंद आणि लवचीक. उंच स्वर आला की दाराजवळचा भाग जास्तीत जास्त हलतो, खालचा स्वर आला की टोकाकडचा. म्हणजे प्रत्येक स्वराला या पट्टीवर स्वतःची जागा आहे. पट्टीवरून धावणारी ही लाट गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि १९६१ साली त्यांना नोबेल मिळालं.

पण त्या कानांत लाट पसरट दिसत होती. जिवंत माणूस जवळजवळचे दोन स्वर सहज वेगळे ओळखतो, तेवढी धार त्या लाटेत नव्हती. ही धार कुठून येते याचं उत्तर केसपेशींमध्ये सापडलं. पट्टीवर त्यांच्या रांगा असतात. प्रत्येकीच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचा झुबका, तो कलला की पेशीत विद्युतभारित कण शिरतात आणि हालचालीचा विद्युतसंदेश होतो. आतल्या रांगेतल्या सुमारे साडेतीन हजार पेशी हा संदेश मेंदूकडे धाडतात. बाहेरच्या रांगांतल्या बारा हजारांचं काम निराळं आहे. त्या स्वतःच आवाजाच्या तालावर आखूड-लांब होतात आणि बरोबर त्या स्वराच्या जागी पट्टीला झोका देतात. हळू आवाज वाढतो, मोठा आवाज वाढवला जात नाही, आणि शेजारच्या स्वरांपासून तो वेगळा उठून दिसतो. कानातल्या या यंत्रणेतून इतकी शक्ती बाहेर पडते की कान स्वतः आवाज काढतो. १९७८ साली डेव्हिड केम्प यांनी तो मायक्रोफोनने टिपून दाखवला. आज झोपलेल्या तान्ह्या बाळाचं ऐकणं काही मिनिटांत तपासता येतं, ते त्या कुजबुजीमुळे. ही तपासणी पहिल्या महिन्यात व्हावी आणि दोष असेल तर उपचार सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावेत, असं मी प्रत्येक आईबापांना सांगतो. मेंदू भाषा शिकायला बसलेला असतो, त्याला थांबवून ठेवता येत नाही.

पहिल्यांदा मरतात त्या बहुधा या बाहेरच्या पेशी. त्यातही दाराजवळच्या, म्हणजे उंच स्वरांच्या. आता ‘साठ’, ‘आठ’, ‘पाठ’, ‘काठ’ हे शब्द म्हणून पाहा. मधला ‘आ’ सगळ्यांत तोच, खालच्या सुरातला आणि दणकट. फरक आहे तो स, प, क यांत, आणि ती व्यंजनं क्षीण असतात. ‘स’ तर बराचसा चार हजार हर्ट्झच्या वरचा. आजोबांना ‘आ’ ऐकू येतो, म्हणून कुणीतरी बोललं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कोणता शब्द होता ते मात्र अंदाजाने ठरवावं लागतं. शांत खोलीत अंदाज जमतो, चार माणसं एकदम बोलू लागली की कोलमडतो. आणि मुलीने आवाज चढवला की ‘आ’सारखे स्वर मोठे होतात, व्यंजनं फारशी होत नाहीत. शिवाय हळू आवाज वाढवणाऱ्या पेशी गेल्या तरी मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. ऐकू येऊ लागणं आणि असह्य होणं यांतलं अंतर आक्रसतं. म्हणून ‘ओरडतेस कशाला’. तो हट्ट नाही, तो आजार आहे. हे मुलीला समजावताना दोघांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, आणि माझ्या कामातला तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

पेशी मरतात कशाने? वयाने, काहींच्या बाबतीत जनुकांमुळे, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, सिस्प्लाटिन अशा काही औषधांनी. जीव वाचवायला ती कधी द्यावीच लागतात. अशा वेळी मधूनमधून ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. आणि गोंगाटाने. डेसिबलचा आकडा फसवा असतो. तो ३ ने वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणं ही मर्यादा धरली, तर ८८ ला चार तास उरतात आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटं. कानठळ्या बसवणाऱ्या जागेतून बाहेर आल्यावर कान गुंगतात, सकाळी बरं वाटतं, आणि आपण विसरतो. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं, की तपासणीचा आलेख पुन्हा नीट आला तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. पक्ष्यांच्या केसपेशी मेल्या की नव्या उगवतात. आपल्या कानात उगवत नाहीत.

श्रवणयंत्र गेलेली धार परत आणत नाही, पण उरलेल्या पेशींपर्यंत व्यंजनं पोचवतं. पहिले काही आठवडे भांडी, पावलं, कागद सगळं कर्कश वाटतं, कारण मेंदूला त्यांची सवय उरलेली नसते. यंत्र त्याच आठवड्यांत कपाटात जातं. तेवढा काळ घरच्यांनी धीर धरावा. समोर बसून, टीव्ही बंद करून, ओठ दिसतील असं सावकाश बोलावं.

एक गोष्ट राहिली. सकाळी उठल्यावर एका कानाला दडा बसल्यासारखं वाटलं, तर बहुतेक जण मळ असेल म्हणून आठवडा काढतात. त्या वेळी तोंड मिटून ‘म्ऽऽ’ असा हुंकार द्या. आवाज बंद कानात मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानाकडे सरकला तर आतला कान अचानक गेला असण्याची शंका घ्यावी. हा हुंकार नुसता अंदाज देतो, तो कसाही येवो, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. मळ निघाला तर पाच मिनिटांचं काम. मळ नसेल, तर स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असते.